छातीपर्यंतचा साहेब

घोडेगावच्या बाजारपेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे. आत पडद्याशेजारी खिळ्याला एक काळा कोट टांगलेला असतो. फोटो काढायला येणाऱ्या कुणाच्याही अंगात तो बसतो, कारण मी तो पाठीवरून उभा उसवून ठेवला आहे. गिऱ्हाईक अंगाने भरलेलं असलं तर पाठ उघडी सोडायची, किडकिडीत असलं तर मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. खाली लुंगी असो नाहीतर चिखलाने भरलेला पायजमा, बघणाऱ्याला काही कळत नाही. फोटो छातीपर्यंत असतो आणि छातीपर्यंत कुणीही साहेब दिसतो.

या एका कोटात मी लग्नाला उभे राहिलेले काढले, नोकरीला निघालेले काढले, निवडणुकीला उभे राहिलेले तर पुष्कळच काढले. एका वर्षी ग्रामपंचायतीला एकमेकांविरुद्ध उभ्या राहिलेल्या दोघांचे फ्लेक्स एकाच चौकात समोरासमोर लागले होते. दोघांच्याही अंगावर माझाच कोट. वरचं काळं बटण तुटलं म्हणून मी तिथे तपकिरी बटण लावलं होतं, ते दोघांच्याही छातीवर दिसत होतं. दोन्ही बाजूंच्या लोकांनी त्या फ्लेक्सखाली उभं राहून चहा प्यायला, एकमेकांची उणीदुणी काढली, मतं दिली. बटण एकालाही दिसलं नाही. त्या निवडणुकीत लोकांच्या नजरेबद्दल माझं जे मत झालं ते आजवर बदललेलं नाही.

कोट मूळचा माझ्या वडिलांचा. आमचं घर शिनोलीच्या बौद्धवाडीत. वडील सरकारी कचेरीत शिपाई होते. घरात इस्त्री नव्हती तेव्हा ते पितळी तांब्यात निखारे भरून शर्ट कडक करायचे. कांदे काढायला वावरात जातानासुद्धा त्यांच्या अंगावर चुरगळलेला कपडा नसे. मी लहानपणी एकदा विचारलं, की मातीत जायचंय तर इस्त्री कशाला? ते म्हणाले, "आपल्याला लोक दोनदा बघत्यात. आधी कपडे बघत्यात, मग आडनाव इचारत्यात. दुसऱ्या येळंला आपल्या हातात काय नसतं."

कोट त्यांनी आपल्या बहिणीच्या लग्नात शिवला आणि हौसेने एकदा कचेरीत घालून गेले. त्या दिवशी बाहेरगावचा कुणी माणूस त्यांनाच साहेब समजला आणि उठून उभा राहिला. खरे साहेब बुशशर्ट घालून मागेच होते. ते त्या दिवशी वडिलांशी एक शब्दही बोलले नाहीत. वडिलांनी कोट घरी आणून घडी करून ठेवला तो ठेवलाच.

त्यांच्या इस्त्रीचा मला आदर आहे. ज्यांच्यासाठी ती करावी लागत होती त्यांचा नाही. मी स्वतः दाढी आठवली तर करतो आणि दोरीवरचा शर्ट तसाच अंगात घालतो. धंद्यात त्याचं नुकसान होतं, हे मला माहीत आहे. होऊ दे.

काही वर्षांपूर्वी एका दुपारी स्टुडिओत एक माणूस आला. चाळिशीच्या आतबाहेरचा, गोरा, केस मागे वळवलेले. मोटारसायकलवरून आला होता आणि हातात कापडी पिशवी होती. त्याला फोटो एक नको होता, बरेच हवे होते. एक कोटातला. मग पिशवीतून पांढरा ॲप्रन निघाला, गळ्यात घालायचा स्टेथोस्कोप निघाला. तो झाल्यावर पदवीदान समारंभातला काळा झगा आणि चौकोनी टोपी निघाली. शेवटी चष्मा निघाला, त्यात काचाच नव्हत्या. काचेवर लाइट चमकतो म्हणून काढून टाकल्या, असं त्याने मला सांगितलं, आणि ते धंद्याच्या दृष्टीने बरोबरच होतं. प्रत्येक फोटोच्या आधी तो आरशात बघायचा आणि विचारायचा, "भाऊ, कसा दिसतोय?"

"छातीपर्यंत ठीक," मी म्हटलं.

तो हसला. बोलायला गोड होता. माझं काम मी केलं. ॲप्रनचा फोटो काढताना त्याने स्टेथोस्कोप गळ्यात घातला तो उलटा, कानात घालायची टोकं पाठीमागे वळलेली. मी सरळ करून दिला. पोटापाण्यासाठी माणूस नाटकात काम करत असेल, नाहीतर कुठल्या जाहिरातीत, असं मला वाटलं. आमच्याकडे तमाशाची, नाटकाची माणसं फोटोला येतात.

पुढच्या उन्हाळ्यात हायवेवर त्याचा फ्लेक्स लागला. नर्सिंग आणि पॅरामेडिकल इन्स्टिट्यूट. नावापुढे डॉक्टर. एका बाजूला झगा घातलेला तो, दुसऱ्या बाजूला ॲप्रनमधला तो, मधे कुठल्यातरी परदेशी इमारतीसमोर हसणारी निळ्या डोळ्यांची नर्स. तिसरा फोटो माझ्या कोटातला, तपकिरी बटणासकट. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की नोकरीची शंभर टक्के हमी. मी एसटीतून जाताना ते बघितलं आणि मोठ्याने हसलो. शेजारच्या माणसाने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, तो डॉक्टर बघा. तो फ्लेक्सकडे बघून म्हणाला, "व्हय, लई हुशार माणूस हाय म्हणं."

हसायचं तिथेच संपलं. माझी धाकटी बहीण महाळुंगे पडवळला दिली आहे. नवरा टेम्पो चालवतो, भाजीपाला मार्केटला नेतो. ती घरची शेती बघते. तिची मुलगी त्या वर्षी बारावी झाली होती. मुलीला नर्स व्हायचं होतं. सरकारी दवाखान्याला जोडून जी नर्सिंगची शाळा असते तिथे तिचं नाव लागलं होतं, मार्कांवर, कुणाच्या चिठ्ठीशिवाय. मला वाटलं, विषय मिटला. पण बहिणीने दोन्ही जागा बघायच्या ठरवल्या. आधी ती सरकारी शाळेत गेली, मग त्या इन्स्टिट्यूटमध्ये, आणि संध्याकाळी थेट माझ्या स्टुडिओत आली.

सरकारी शाळेचं तिने जे वर्णन केलं त्यात खोटं काही नव्हतं. भिंतीला ओल आली होती. जिन्याच्या कोपऱ्यात लोक थुंकले होते. व्हरांड्यात पेशंटांचे नातेवाईक भाकरीची फडकी सोडून जेवत बसले होते. टेबलामागच्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं की कागद ठेवा आणि जा. ती उभी होती तोवर तिला कुणी बस म्हणालं नाही.

इन्स्टिट्यूटचं सांगताना तिचा आवाज बदलला. काचेचा दरवाजा होता आणि आत गार होतं. कोट घातलेली एक मुलगी उठून पुढे आली, हिला सोफ्यावर बसवलं, ट्रेमधून काचेच्या ग्लासात पाणी आणलं.

"मला ताई म्हणली ती, दादा," बहीण म्हणाली. "गावचं नाव इचारलं, पण आडनाव न्हाई इचारलं. पाणी दिलं आन् म्हणली, ताई, अजून आणू का?"

आयुष्यभर तिला कुठल्या कचेरीत कुणी पाणी विचारलं नव्हतं. ज्याने कुणी ती ट्रेची शक्कल काढली त्याला आमच्या माणसांची तहान बरोबर ठाऊक होती. सरकारी शाळेला ती कधीच कळणार नाही. तिथे शिकवणं खरं होतं आणि वागणं माजोरडं. इथे वागणं गोड आणि बाकी सगळं खोटं. आणि लोक वागण्यावर जातात.

तरी मी सांगितलं. तो डॉक्टर नाही, म्हटलं. त्याला स्टेथोस्कोप गळ्यात घालता येत नव्हता, मी घालून दिला. चष्म्याला काचा नाहीत. अंगावरचा कोट आपल्या बापाचा आहे.

"कोट आपला असंल," ती म्हणाली, "पण शिक्षाण त्याचं हाय ना?"

"कशावरून?"

"दिसतंय की राव. तू आधी सोताची दाढी कर, मंग दुसऱ्याचं सांग."

मुलगी तिथेच बाकावर बसली होती. तिला सरकारी शाळेत जायचं होतं, हे मला तिच्या तोंडावर दिसत होतं, पण आई दिवसभर उन्हात हिंडून आली होती आणि कधी नव्हे ती खूश होती.

प्रवेश घ्यायच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो. ट्रॅक्टरच्या स्पेअरपार्टच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर ते इन्स्टिट्यूट होतं. फरशी इतकी चकचकीत की लोक चपला बाहेर काढून येत होते, देवळात यावं तसे. एका खोलीत मानवी सांगाडा उभा होता, त्याच्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. पेशंटच्या कॉटशेजारी एक मोठं मशीन होतं, त्याची वायर गुंडाळून रबर लावून ठेवलेली. मी भिंतीवर बघितलं तर जिथे मशीन होतं तिथे प्लगच नव्हता. आणि सगळ्या भिंतींवर मी काढलेले फोटो, फ्रेम करून.

येडगावकडचे एक बागायतदार मुलीला घेऊन आले होते. पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन, धरणाचं पाणी, पांढरी टोपी, पांढरं धोतर. मी त्यांना ओळखत होतो, नातीच्या बारशाचे फोटो मीच काढले होते. हा माणूस बैल घ्यायला गेला की बैलाचे दात बघतो, शेपटी ओढतो, रानात चालवून बघतो, आणि तरी उद्या सांगतो म्हणून परत येतो. कांद्याची पिशवी घेताना तळातला कांदा उपसून काढतो. त्या दिवशी त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. शिकवणार कोण, सही कुणाची, कुठल्या दवाखान्यात काम शिकवणार, काही नाही. सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसले होते, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. बैलाला जेवढी अक्कल लावली त्याच्या पाव हिस्सा पोरीसाठी लावली असती तरी चाललं असतं. पण गारेगार हवेत माणसाची अक्कल गोठते, असं दिसतं.

डॉक्टर बाहेर आला. मला बघून दचकेल असं वाटलं होतं. तो दोन्ही हात पसरून आला, "या या, आमचे आर्टिस्ट," म्हणाला आणि सगळ्यांना सांगितलं की आपले सगळे फोटो यांनीच काढलेत. लोक माझ्याकडे आदराने बघायला लागले. बहिणीने तर मान ताठ केली. माझी साक्षसुद्धा त्याने आपल्याच बाजूने फिरवली होती. मी त्याच्यासमोरच बहिणीला म्हटलं, चल, घरी जाऊ. तिने माझ्याकडे अशी काही नजर टाकली की मी जिना उतरून खाली आलो आणि स्पेअरपार्टच्या दुकानासमोर उभा राहिलो.

मुलगी जायला लागली. क्रीम रंगाचा ड्रेस, पांढरे बूट, गळ्यात फोटोचं आयकार्ड. गावात लोक तिला पहिल्या आठवड्यापासून नर्सबाई म्हणायला लागले. शेजारच्या बायका डोकेदुखीच्या गोळ्या विचारायला यायच्या. एक म्हातारा तिला रस्त्यात थांबवून जीभ काढून दाखवायचा. आयकार्ड गळ्यात पडल्याबरोबर ती हुशार झाली होती. आदल्या महिन्यात, तेवढीच हुशार असताना, याच बायका तिला धुणं घेऊन ओढ्यावर पाठवत होत्या.

सुट्टीच्या दिवशी ती कधीमधी स्टुडिओत यायची. पुस्तक घेऊन बसायची, पण पान उलटायची नाही. दिवाळीनंतर एकदा म्हणाली, "मामा, शिकवणाऱ्या मॅडम मोबाइलवर व्हिडिओ लावत्यात आन् बाहेर जात्यात. आमी सगळ्या एकमेकींना बँडेज बांधत बसतो."

"आईला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणली, मोठ्या कॉलेजात तसंच आसतं."

मी पुन्हा बहिणीकडे गेलो. तिने मला चहा दिला आणि विषय काढू दिला नाही. दारात मुलीचे पांढरे बूट खडूने घासून वाळत ठेवले होते. बुटांकडे बघून मी परत आलो.

वर्ष संपत आलं तेव्हा मुलींना कामाचा अनुभव घ्यायला एका खाजगी दवाखान्यात पाठवायचं होतं. इन्स्टिट्यूटने पत्र दिलं नाही, नुसतं जा म्हणून सांगितलं. मुली रिक्षा करून गेल्या. तिथल्या मुख्य नर्सने, मेट्रन बाईंनी, त्यांना रांगेत उभं केलं, इन्स्टिट्यूटचं नाव विचारलं, आणि सांगितलं की असं काही मान्यतेत नाही, तुमचं हे वर्ष कुठेच धरलं जाणार नाही. एक मुलगी तिथेच रडायला लागली. माझी भाची रडली नाही. तिने मेट्रन बाईंना विचारलं की मग खरं शिक्षण कुठे मिळेल, आणि बाईंनी त्याच सरकारी शाळेचं नाव घेतलं.

आता तरी आकाश कोसळेल, असं मला वाटलं. सगळे पालक चिडून इन्स्टिट्यूटवर गेले. बागायतदार काठी घेऊन आले होते. मीही मागे उभा राहिलो. डॉक्टरने सगळ्यांना आत बसवलं, एसी वाढवायला सांगितला, चहा-बिस्किटं फिरवली. त्या दिवशी त्याच्या अंगावर कोट नव्हता. पांढराशुभ्र सदरा-लेंगा होता. त्याने भिंतीवर पडदा लावून काही चित्रं दाखवली, त्यात बरेच बाण होते. मान्यता वरच्या टेबलावर पोचली आहे, म्हणाला. मेट्रन बाईंना आपली प्रगती बघवत नाही, म्हणाला. मग उठला, बागायतदारांच्या पाया पडला आणि म्हणाला, "बाबा, तुमी मला मुलासारखं मारा, पण अविश्वास दाखवू नका." बोलताना त्याचे डोळे भरून आले. बागायतदारांनी काठी भिंतीला टेकवली आणि त्याला उठवून जवळ घेतलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं सांगत नाही, टाळ्या वाजवल्या. जिना उतरताना एक बाप आपल्या मुलीला झापत होता की तुला अभ्यास नको म्हणून तू कांगावा केलास. माझी बहीणही मुलीला म्हणाली, "सायब बोलला ते खरंच वाटतंय गं." मला त्या दिवशी डॉक्टरचा राग आला नाही. तो आपलं काम चोख करत होता. मला त्या टाळ्यांची किळस आली.

शेवटी मुलीच उठल्या. माझी भाची, बागायतदारांची मुलगी आणि आणखी काही जणी पोलीस चौकीत जायला निघाल्या. कुणीतरी मोठं माणूस पाहिजे म्हणून भाची मला बोलवायला आली. मी होतो तसा निघालो. आता वाटतं, शर्ट बदलून गेलो असतो तर निदान बाकावर तरी बसवलं असतं. चौकीत हवालदाराने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तू कोण?" मी सांगितलं, मामा. बागायतदारांच्या मुलीला त्याने विचारलं, घरचं कुणी नाही का आलं. म्हणजे मी त्यांच्या घरचा नव्हे, हे त्याला बघूनच कळलं होतं; बाकी काहीच बघून कळत नव्हतं.

त्याने डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर आता मोटारसायकलवर नव्हता, पांढऱ्या गाडीतून आला. गाडीचा दरवाजा लागल्याचा आवाज ऐकून हवालदार उठला. समोरची खुर्ची त्याने आपल्या रुमालाने पुसली. "बसा साहेब. या मुलींची जरा तक्रार आहे."

मुली उभ्या, मी उभा, डॉक्टर खुर्चीत. भाचीने सगळं सांगितलं, अडखळली नाही. हा डॉक्टर नाही, इन्स्टिट्यूटला मान्यता नाही, आमचं वर्ष गेलं. हवालदार ऐकत होता आणि मधेच हनुवटी खाजवत डॉक्टरकडे वळला.

"साहेब, ते बघू नंतर. मला जरा सकाळी उठल्यावर गरगरतं. बीपीची गोळी चालू आहे. काय करू?"

डॉक्टरने त्याची नाडी बघितली. डोळ्याखालची कातडी ओढून बघितली. मग गंभीर होऊन म्हणाला, "गोळी आठ दिवस बंद ठेवा. शरीराला आराम द्या."

"बंद करू नका," भाची म्हणाली. "सरकारी दवाखान्यात दाखवा आधी."

"तू गप गं," हवालदार म्हणाला. "मोठी माणसं बोलतायत."

जो डॉक्टर नाही अशी तक्रार समोर पडलेली होती, त्याच्याकडूनच तो औषध घेत होता. मी हसलो. मला हसू आवरलं नाही. त्याने मला बाहेर थांबायला सांगितलं. मुलींचा अर्ज त्याने टेबलाच्या काचेखाली सरकवला आणि चौकशी करतो, म्हणाला. चौकशी झाली नाही. आठवडे गेले, इन्स्टिट्यूटमध्ये नव्या वर्षाचे प्रवेश सुरू झाले, नवे पालक चपला काढून आत जायला लागले.

मग बागायतदारांचे मेहुणे पुण्याहून आले. काय करतात ते मला आजवर नीट कळलेलं नाही. जमिनीचं काहीतरी. बोटात अंगठ्या, काळा चष्मा, काळी गाडी, मागे आणखी एक गाडी. बागायतदारांच्या मुलीचं वर्ष फुकट गेलं म्हणून ते चौकीत गेले, तिथे चहासुद्धा न पिता परत आले, आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरला पोलीस घेऊन गेले. तक्रार तीच होती. वाक्यंही तीच होती, माझ्या भाचीच्या अक्षरातली. फक्त या वेळी ती घेऊन जाणाऱ्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. गावात लोक म्हणायला लागले की बघा, कायदा कसा काम करतो. मी म्हटलं, बघतोय.

डॉक्टर काही दिवसांनी जामिनावर सुटला आणि आमच्या भागातून दिसेनासा झाला. जाण्याआधी सांगाडा, सोफे, एसी सगळं उचलून नेलं. आता त्या जागेत जिम आहे. तो म्हणे दुसऱ्या जिल्ह्यात लोकांना जमिनीबद्दल सल्ला देतो. तिकडेही फोटोग्राफर असतीलच. बागायतदार नंतर एकदा स्टुडिओत आले होते. म्हणाले, "लई फसलो राव. पण माणूस दिसायला कसा व्हता, सांगा बरं." म्हणजे त्यात त्यांची चूक काहीच नव्हती, चूक असलीच तर त्या माणसाच्या दिसण्याची होती.

बहीण बरेच दिवस माझ्याकडे आली नाही. मग एक दिवस आली, बाकावर बसली. ती म्हणाली, "मला पाणी दिलं व्हतं रं त्यांनी." आणि पदराने तोंड पुसलं. माझ्याकडे तिरस्काराला कधी तोटा नसतो, पण तिच्यासाठी तो मला त्या दिवशी सापडला नाही. मी तिला पाणी दिलं आणि बाहेरून चहा मागवला.

मुलीने पुन्हा अर्ज भरला. पुन्हा नाव लागलं, त्याच ओल आलेल्या भिंतींच्या शाळेत. कारकुनाने याही वेळी मान वर केली नाही. शिकवणाऱ्या सिस्टर कडक होत्या. चादरीला सुरकुती दिसली की अख्खी कॉट पुन्हा घालायला लावायच्या, आणि कुणी रडलं तर रडू द्यायच्या. तिथे तिला कुणी ताई म्हटलं नाही. तीन वर्षांत ती जे शिकायचं ते शिकली आणि सरकारी दवाखान्यातच नोकरीला लागली.

मागच्या वर्षी स्टुडिओतला लोखंडी स्टँड सरकवताना माझ्या तळहाताला पत्रा लागला. मी हाताला फडकं गुंडाळून तिच्या दवाखान्यात गेलो. तिची ड्युटी होती. तिने मला बाकावर बसवलं, जखम धुतली, डॉक्टरांना दाखवून टाके घालून घेतले आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. मग म्हणाली, थोडा वेळ थांबा, माझी सुट्टी होईल, बरोबर जाऊ. म्हणून मी वॉर्डच्या दाराशी बसून राहिलो.

आतल्या कॉटवर एक म्हातारी होती, तिच्याभोवती घरची माणसं. भाची अंगाने बारीक, रंगाने सावळी, उंचीने बेताची. ती सलाइन लावायला गेली तर म्हातारीच्या मुलाने हात आडवा केला. "मोठ्या सिस्टरला बोलवा," तो म्हणाला. तिने सांगितलं की मीच आहे. तेवढ्यात ट्रॉली ढकलत वॉर्डबॉय आला. उंचापुरा, केस पांढरे, सोनेरी काड्यांचा चष्मा, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट. सगळे उठून उभे राहिले. मुलगा हात जोडून त्याला म्हणाला, "डॉक्टर, आईला काय झालंय?"

त्याला याची सवय असावी. "मी झाडलोट करतो, भाऊ," असं शांतपणे सांगून तो कोपऱ्यातली बादली उचलायला गेला. त्यांचा विश्वास बसला नाही. मुलगा त्याच्या मागे दोन पावलं गेलासुद्धा.

भाचीने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. म्हातारीचा हात हातात घेतला, शीर शोधली, पहिल्याच खेपेला सुई घातली, पट्टी लावली. म्हातारीने डोळे मिटले. मग भाचीने मागे वळून बघितलं. सगळी मंडळी, पिशव्यांसकट, म्हातारीच्या पायाशी कॉटवर बसली होती.

"पेशंटच्या कॉटवर बसायचं नाही," ती म्हणाली. "उठा."

ते उठले. मी दाराशी बसून बघत होतो. तिने हात धुतले, पिशवी खांद्याला अडकवली, आणि आम्ही दोघं एसटी स्टँडकडे निघालो.